अर्ध्या पुण्याची यात्रा

सोनौलीची कमान ओलांडून बस पलीकडे बेलहियात शिरली की थोड्याच वेळात मोबाइलची घड्याळं एकेक करून पंधरा मिनिटं पुढे जातात. मनगटावरची मात्र भारताच्याच वेळेवर चालत राहतात. मग संध्याकाळच्या चहाला ‘कुणाचे सहा?’ असा घोळ होतो आणि टूर मॅनेजर माइकवरून सांगतो, ‘मंडळी, सगळ्यांनी नेपाळची वेळ लावून घ्या.’ महाराष्ट्रातून काठमांडूला निघालेल्या स्वस्तातल्या ग्रुप टूरचा हा ठरलेला प्रसंग. भुसावळ किंवा मनमाडहून गोरखपूरपर्यंत रेल्वेचा स्लीपर, तिथून पुढे बस, डिकीत आचाऱ्याची शेगडी, पातेली आणि तांदूळ-डाळीची पोती. व्हिसा लागत नाही. १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारानं ही मोकळीक कागदावर आणली. निवृत्त शिक्षक, पेन्शनीत निघालेले एसटीचे वाहक, बचतगटात पैसे साठवून आलेल्या चार जावा, मुलानं आग्रहानं पाठवलेली एखादी एकटी आई. खोलीत तिघं, बाथरूम एक. बसमध्ये रोज सकाळी सगळ्यांनी दोन ओळी मागे सरकायचं, म्हणजे पुढची सीट कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येते.

छापील पत्रकावर पशुपतिनाथ, बुढानीलकंठ, स्वयंभूनाथ, मनकामना, पोखरा यांची नावं असतात आणि शेवटी ‘शॉपिंगसाठी मोकळा वेळ’. अशा बसमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, ‘आपण यात्रेला आलोय की फिरायला?’ मागच्या सीटवरून उत्तर येतं, ‘दोन्ही!’ सगळे हसतात आणि विषय संपतो. पण प्रश्न हसून सोडण्यासारखा नाही. आयुष्यात एकदाच देशाबाहेर पडणाऱ्या माणसाला आपण नेमकं काय केलं हे समजून घ्यायचा हक्क आहे, आणि धर्मग्रंथांनी या प्रश्नावर बराच विचार करून ठेवला आहे.

महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्माला तीर्थांविषयी सांगतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: यज्ञाला पुष्कळ सामग्री, पुष्कळ माणसं आणि पुष्कळ पैसा लागतो. तो राजानं करावा, फार तर एखाद्या धनवंतानं. गरिबाला ते जमत नाही. पण तीर्थाला जाणं गरिबालाही जमतं, आणि त्याचं फळ यज्ञाहून सरस आहे. म्हणजे तीर्थयात्रेची कल्पनाच मुळी कमी पैशातल्या माणसासाठी उभी राहिली. ज्याच्या खिशात यज्ञ मावत नाही त्याच्यासाठी ही वाट मोकळी केली. त्यामुळे ‘बजेट टूर’ या शब्दाला धर्माच्या दृष्टीनं ओशाळायचं काही कारण नाही. स्वस्त असणं हा यात्रेचा जुना, मूळचा गुण आहे.

मात्र फळ कुणाला मिळतं, हेही पुलस्त्य तिथेच सांगतात: ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत, जो मिळेल त्यात संतुष्ट आहे, त्याला. ट्रिपल शेअरिंगच्या खोलीत पहाटे साडेचारला आंघोळीचा नंबर लावताना ही अट किती कठीण आहे ते कळतं.

पुढच्या काळात पुराणांनी आणि निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ रचणाऱ्या पंडितांनी, हिशेब आणखी बारीक केला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली निघाला. त्यातल्या तीर्थयात्रेवरच्या प्रकरणात हे सगळं एकत्र वाचायला मिळतं. दुसऱ्याच कामानं निघालेला माणूस वाटेत तीर्थ करून आला तर त्याला फळाचा अर्धा वाटा. दुसऱ्यासाठी, पैसे घेऊन गेलेल्याला सोळावा हिस्सा. मत्स्यपुराण प्रयागाबद्दल बोलताना बजावतं की ऐश्वर्याच्या तोऱ्यात किंवा लोभानं वाहनात बसून जाणाऱ्याची यात्रा निष्फळ होते.

हा काटा लावला तर काठमांडूच्या बसमध्ये पुण्य फार उरत नाही. सगळेच वाहनात. बहुतेक जण ‘प्रसंगाने’ आलेले, म्हणजे थोडं दर्शन, थोडं हिमशिखरं बघणं, थोडं थामेलच्या गल्लीत स्वेटर घेणं. आणि सोळाव्या हिश्शाचे धनी कोण? चालक, क्लीनर, आचारी, टूर मॅनेजर. चाळीस माणसांना देवाच्या दारात उतरवून चालक बस घेऊन गौशाळा चौकाच्या आसपास कुठेतरी उभा राहतो आणि डिकीच्या सावलीत अंथरूण टाकून रात्रीची झोप भरून काढतो. आचारी त्या वेळी हॉटेलच्या मागच्या मोरीत पातेली घासत असतो. कितीतरी वेळा काठमांडूला येऊनही गाभाऱ्यापर्यंत एकदाच गेलेले असे लोक थोडे नाहीत. त्यांच्या वाट्याला सोळावा हिस्सा देणाऱ्या गणितात काहीतरी चुकतंय, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

खरं तर मराठी माणसाच्या स्वतःच्या आठवणीतल्या यात्राही या काट्यावर उतरत नाहीत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले ते कर्ज फेडायला. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, या आशेनं. वाटेत बंडात सापडले, झाशी पाहिली, लुटले गेले. परतले तेव्हा पैसा फारसा नव्हता. खांद्यावर गंगेची कावड होती आणि त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. शास्त्राच्या भाषेत ते प्रसंगाने गेलेले, म्हणून अर्ध्या फळाचे मानकरी. पण त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्याला त्या कावडीत अर्धं काहीच दिसत नाही.

आणि सोबतीचं काय? वारीत चालणाऱ्या दिंड्यांना भिशी असते. वारकरी दिंडीप्रमुखाकडे ठरलेली रक्कम भरतो, त्यात जेवण, तंबू, सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर. पावती फाडून घेतलेली ही एक सामुदायिक, स्वस्त सहलच आहे, फक्त पायी. तिला कुणी पॅकेज म्हणत नाही, कारण दिंडीत माणसाचं नातं सोबत चालणाऱ्याशी जुळतं. पाया पडायचं ते एकमेकांच्याही. नामदेवांच्या नावावरच्या तीर्थावळीच्या अभंगांत ज्ञानदेव नामदेवांना उत्तरेच्या तीर्थांना चला म्हणतात, तेव्हा नामदेवांचा पाय पंढरीतून निघत नाही. ज्ञानदेवांना तीर्थांपेक्षा नामदेवांची संगत हवी होती, अशीच ती कथा परंपरेनं वाचली आहे. पुण्याचे वाटे मोजणाऱ्या शास्त्रकारांनी शेजारच्या सीटवरच्या माणसाचा विचार फार केलेला दिसत नाही. संतांनी तो केला.

चाळीस अनोळखी माणसांच्या बसमध्ये हे प्रत्यक्ष दिसतं. कुणाला साखरेचा आजार म्हणून त्याचं ताट आधी वाढलं जातं. कुणी रात्रभर खोकतं, तर खोलीतली दुसरी बाई तक्रार न करता सुंठ-गुळाची गोळी काढून देते. स्वयंभूनाथच्या ३६५ पायऱ्या एका आजींना झेपत नाहीत. त्यांच्यासोबत खाली थांबायला एक जण राहतो आणि त्याचं वरचं दर्शन हुकतं. त्यानं काय कमावलं, याचं कोष्टक कुठल्याच निबंधग्रंथात नाही.

सोनौलीहून लुंबिनी फार लांब नाही, म्हणून बहुतेक बस आधी तिकडे वळतात. १८९६ साली तिथे अशोकाचा स्तंभ सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीतल्या चार-पाच ओळी आहेत. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, त्यानं पूजा केली, इथे बुद्धाचा जन्म झाला म्हणून खांब उभारला. आणि शेवटी: लुंबिनी गावाचा धर्मकर माफ केला, उत्पन्नातला राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला.

पुण्याच्या हिशेबात अर्धा आणि सोळावा हे यात्रेकरूला काय मिळालं त्याचे आकडे आहेत. अशोकाचा आठवा हिस्सा हा गावाला काय मिळालं त्याचा आकडा आहे. यात्रेकरू येऊन गेला आणि गावावरचा बोजा हलका झाला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडानं सगळा हिशेब उलट्या बाजूनं मांडला आहे. काठमांडूला जाणाऱ्या बसनं सोबत न्यावी अशी वाटेतली गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक वेळा लोक ती स्तंभासमोर फोटो काढून तिथेच ठेवून येतात.

लुंबिनीत महाराष्ट्रातल्या दुसऱ्याही बस भेटतात. नागपूर, अकोला, औरंगाबादकडून आलेल्या, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायांच्या, पंचशीलाचे झेंडे लावलेल्या. त्यांचं काठमांडूशी नातं वेगळं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाल्यानंतर महिनाभरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. प्रकृती पार खालावली होती. २० नोव्हेंबरला ते तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले: दुःख संपवायचं ध्येय दोघांचंही, पण मार्ग वेगळे, बळजबरीनं आलेला बदल टिकत नाही, माणसाचं मन बदललं तरच टिकतो. त्यानंतर सोळा दिवसांनी, ६ डिसेंबरला, त्यांचं निधन झालं. त्यांच्या वाटेनं आलेल्यांना पुराणातल्या पुण्याचं कोष्टक लागू नाही. बावीस प्रतिज्ञांनी ते खातं बंद केलं आहे. मग ते का येतात?

पाली महापरिनिब्बान सुत्तात त्याचं उत्तर आहे. बुद्ध शेवटच्या प्रवासात आनंदाला चार जागा सांगतात: जन्माची, बोधीची, पहिल्या उपदेशाची आणि परिनिर्वाणाची. श्रद्धावान माणसानं त्या पाहाव्यात, कारण त्या संवेग जागवणाऱ्या आहेत. हा शब्द जपून ठेवावा असा आहे. संवेग म्हणजे आतून बसलेला हादरा. आपण जगतोय तसंच जगत राहणं आता शक्य नाही, असं एकाएकी कळणं. एवढा हादरा बसला नाही तर लुंबिनीतून काय घेऊन निघालो, हा प्रश्न पांढऱ्या साडीतल्या बाईला पडतो, तसाच जेजुरीच्या भंडाऱ्यानं कपाळ माखलेल्या शेजारच्या बसमधल्या बाईलाही पडायला हवा.

पोखऱ्याहून काठमांडूकडे येणारा रस्ता मर्स्यांगदी आणि मग त्रिशूलीच्या कडेनं डोंगर कापत जातो. २३ ऑगस्ट २०२४ ला जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळ परिसरातल्या यात्रेकरूंची बस याच वाटेवर, तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदीच्या पात्रात कोसळली. सत्तावीस जण गेले. त्याच ग्रुपच्या आणखी दोन बस होत्या.  भारतीय हवाई दलाच्या विमानानं मृतदेह महाराष्ट्रात आणले. त्या अपघाताच्या बातम्या त्या आठवड्यात ज्यांनी वाचल्या त्यांना नेपाळची टूर हा शब्द पुढे बरेच दिवस साधा राहिला नाही.

यात्रेच्या वाटेवर मरण आलं की आपल्याकडे ‘सोनं झालं’ म्हणायची रीत आहे. घरच्यांनी एकमेकांना तसं सांगून रात्र काढली तर तो त्यांचा आधार आहे, त्याला कुणी हात लावू नये. पण बाहेरच्यानं तसं म्हणू नये. देवानं बोलावलं असं म्हटलं की मागे उरलेल्या सगळ्यांची जबाबदारी अलगद निसटते. त्या अपघाताचं कारण शोधणं हे या लेखाचं काम नाही. पण स्वस्त टूरमध्ये काटकसर कुठे करायची, हा प्रश्न मात्र धर्माचाच आहे. हॉटेल साधं चालेल, जेवणात एक भाजी कमी चालेल. चालकाची झोप कमी चालणार नाही. एक मुक्काम वाचवण्यासाठी पावसाळ्यात घाटातून रात्री गाडी हाकणं चालणार नाही. पत्रकावर सात देवस्थानांची नावं छापणाऱ्यानं आठवी ओळ ‘रात्री प्रवास नाही’ अशी छापली, तर ती पहिल्या सात ओळींइतकीच पवित्र मानायला हवी. आणि गिऱ्हाइकानंही दोन टूरची पत्रकं समोर ठेवून एक दिवस कमी म्हणून स्वस्त असलेली निवडताना थबकायला हवं.

पशुपतिनाथाचं दर्शन पहाटे. चामड्याचे पट्टे, पाकिटं काढून ठेवायची, आत फोटो नाही. पश्चिमेच्या दारातून शिरलं की सोन्याचा मुलामा दिलेला भलामोठा नंदी पाठमोरा दिसतो. त्याला वळसा घातला की दोन छपरांचं, चांदीच्या दारांचं मंदिर. शिवलिंगाला चार दिशांना चार मुखं: पूर्वेला तत्पुरुष, दक्षिणेला अघोर, पश्चिमेला सद्योजात, उत्तरेला वामदेव, पाचवं ईशान, वर, निराकार. रांग चारही दारांसमोरून फिरते आणि एकेका मुखापुढे दोन-तीन सेकंद मिळतात. आत पूजा करणारे भट्ट पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेतून, मुख्यतः कर्नाटकातून येतात; लिंगाला स्पर्श त्यांचाच. केदारनाथ केलेली मंडळी इथे जास्त हळवी होतात, कारण पांडवांना चुकवायला रेड्याचं रूप घेतलेल्या शिवाची पाठ केदारला आणि शिर इथे, अशी लोकांची श्रद्धा आहे. अर्धवट राहिलेलं काहीतरी पुरं होतं.

दोन सेकंदांचं दर्शन खरं की खोटं? घाई झाली म्हणून बाहेर येऊन हळहळणारे खूप असतात. पण दर्शन या शब्दात बघणं दोन्ही बाजूंनी आहे: आपण देवाला पाहतो, तसंच देवाच्या नजरेत आपण येतो. दुसऱ्या बाजूच्या नजरेला सेकंद लागत नाहीत, असं मानणाऱ्याची श्रद्धा खोटी ठरवता येणार नाही. दर्शन बिघडत असेल तर ते घाईनं कमी बिघडतं आणि बाहेर आल्याबरोबर जे सुरू होतं त्यानं जास्त. मंदिराबाहेर रुद्राक्षांची दुकानं ओळीनं आहेत. दुकानदारांना हिंदी येतं आणि ते विचारतात, ‘आयसी की एनसी?’ म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. १९९३ पासून दर ठरलेला आहे, शंभराला एकशे साठ. हे गणित न जुळल्यानं भांडणं होतात, ‘लुटतात हे लोक’ असे उद्‌गार निघतात, आणि हात जोडून आलेली बाई पाच मिनिटांत दुकानातल्या मुलीशी दहा रुपयांवरून ओरडून बोलते. ती मुलगी तिला ‘आमा’ म्हणत असते. नेपाळीत आमा म्हणजे आई. पूर्व नेपाळच्या भोजपूर, संखुवासभा या डोंगरी जिल्ह्यांतले शेतकरी रुद्राक्षाची झाडं वाढवतात, बी गोळा करतात, साफ करतात. माळ तिथून इथवर येते. अशोकाच्या खांबावरचा आठवा हिस्सा या दुकानात आठवायला हवा.

टूरच्या पत्रकात पाटण क्वचित असतं. असलं तरी दरबार चौकातल्या फोटोंपुरतं. मराठी भाविकासाठी ही चुकामूक मोठी आहे, कारण पाटणमध्ये त्याच्या घरचा देव आहे. तिथले रातो मच्छिंद्रनाथ म्हणजे लाल मच्छिंद्रनाथ. त्यांचा रथ दरवर्षी वैशाखापासून कित्येक आठवडे पाटणच्या गल्ल्यांतून ओढतात. बौद्ध नेवार त्यांना अवलोकितेश्वर, करुणामय म्हणतात; हिंदू मत्स्येंद्रनाथ म्हणतात; रथ एकच. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव, अशी ज्याची गुरुपरंपरा सांगितली जाते त्या महाराष्ट्रात मच्छिंद्रनाथांचं नाव मढीच्या डोंगरापासून मायंब्यापर्यंत रोजच्या बोलण्यात आहे. पाटणची कथा अशी की गोरक्षनाथ नागांवर आसन घालून बसले आणि बारा वर्षं पाऊस पडेना. मग एक राजा, एक बौद्ध वज्राचार्य आणि एक शेतकरी असे तिघं मिळून कामरूपाहून मत्स्येंद्रनाथांना आणायला गेले. गुरू आले म्हणून शिष्य उठून उभा राहिला, नाग मोकळे झाले, पाऊस आला. देवाला आणायला निघालेल्या या तिघांत दोन धर्म होते आणि तीन वेगळे धंदे. चाळीस जणांच्या बसला स्वतःची गोष्ट म्हणून सांगावी अशी ती कथा आहे, आणि ती सांगायला पत्रकात अर्धा तास नसतो.

संध्याकाळी बागमतीच्या पूर्व काठावर आरती असते. ग्रुप पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसतो. समोर, पंधरा-वीस पावलांच्या अंतरावर, पलीकडच्या काठाला आर्यघाट. तिथे ब्रह्मनाल नावाचा उतरता दगड आहे. मरणपंथाला लागलेल्या माणसाला त्यावर पाय नदीकडे करून निजवायची रीत आहे. २००१ च्या जूनमध्ये राजवाड्यात मारले गेलेले राजा बीरेंद्र आणि त्यांचं कुटुंब यांच्या चिता याच घाटावर पेटल्या. २०१५ च्या भूकंपानंतर चिता विझायलाच वेळ मिळाला नाही. मंदिर त्या भूकंपात उभं राहिलं. मुख्य मंदिरात हिंदूंखेरीज कुणाला प्रवेश नाही, म्हणून परदेशी पाहुणे या पूर्व काठावर येऊन बसतात. ज्यांना देव दाखवायचा नाही त्यांना अगदी समोरासमोर मरण दाखवलं जातं, ही या जागेची रचना विचार करायला लावणारी आहे.

एकीकडे घंटा आणि दिव्यांची ओळ. दुसरीकडे चितेवर ओलं गवत टाकतात त्याचा पांढरा, दाट धूर. पांढऱ्या कपड्यातला, नुकतीच हजामत केलेला मुलगा पायऱ्यांवर उकिडवा बसलेला असतो. त्याच्या पायात चप्पल नसते. खाली गुडघाभर पाण्यात दोन पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी शोधत असतात. आणि अलीकडच्या पायरीवरून बरेचसे मोबाइल त्या मुलाकडे रोखलेले असतात, दोन बोटांनी चित्र मोठं करून.

आपण यात्रेला आलोय की फिरायला, ते इथे ठरतं. पुण्याच्या कुठल्याही वाट्यापेक्षा इथे जास्त ठरतं. समोर जळणारा माणूस कुणाचा तरी बाप आहे, आणि त्याच्या घरच्यांनी या चाळीस पाहुण्यांना बोलावलेलं नाही. पण दुसऱ्याच्या चितेकडे पाहणं सरसकट वाईट आहे असंही म्हणता येत नाही. सुत्तातला तो संवेग कुठे जागा होणार असेल तर इथेच होईल. फरक हातात काय आहे त्यात पडतो. मोबाइलच्या काचेतून पाहणाऱ्याला समोर दृश्य दिसतं. मोबाइल पिशवीत गेला की त्या मुलाचे अनवाणी पाय दिसतात, मग भुसावळच्या स्टेशनावर सोडायला आलेला स्वतःचा मुलगा दिसतो, आणि आरतीचं ताट फिरत आलं तरी हात पुढे करायला क्षणभर उशीर होतो. पुलस्त्यांनी हात, पाय आणि मन ताब्यात ठेवायला सांगितलं तेव्हा त्यांच्यासमोर मोबाइल नव्हता. हाताचा संयम या शब्दाचा आजचा अर्थ मात्र या पायरीवर अगदी सरळ कळतो. टूर मॅनेजरनं बसमध्ये आधीच एक वाक्य सांगावं: समोरच्या काठाचे फोटो काढू नका, तिथे लोकांचं दुःख आहे. चाळीसपैकी पस्तीस जण ऐकतात. माणसं वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

राख, फुलं, निर्माल्य, प्लास्टिक, शहराचं सांडपाणी, सगळं पोटात घेऊन बागमती पुढे बिहारात उतरते. २०१३ च्या मे महिन्यापासून काठमांडूचे लोक दर शनिवारी सकाळी तिच्या पात्रात उतरून कचरा काढतात. नेपाळात शनिवार सुट्टीचा. विद्यार्थी, सरकारी नोकर, दुकानदार, पोलीस. गमबूट घालून, गाळात रुतलेल्या पिशव्या, चिंध्या, फुलांची कुजलेली पोती ओढून काठावर रचतात. शेकडो शनिवार हे काम चालू राहिलं आहे. महाराष्ट्रातल्या टूरची काठमांडूतली सकाळ कधी कधी शनिवारची येते. पहाटेचं दर्शन साडेसहाला आटोपलेलं असतं, नाश्ता साडेआठला असतो, आणि मधले दोन तास ‘शॉपिंगसाठी मोकळा वेळ’ म्हणून लिहिलेले असतात. दुकानं अजून उघडायची असतात. चालक गाडीत झोपलेला असतो, आचारी पोह्यांसाठी कांदा चिरत असतो. बसमधल्या ज्यांचे गुडघे धड आहेत अशा आठ-दहा जणांनी साड्या खोचून, पँटी दुमडून पात्रात उतरावं. भाषा आडवी येत नाही, पिशवीचं एक टोक धरायचं असतं. आचाऱ्याला निरोप द्यावा की पोहे अर्धा तास उशिरा टाक, आणि दोन ताटं जास्तीची लाव, एक चालकाचं, एक तुझं.